पाचचा भोंगा

आधीच सांगून टाकतो, मी भूत, चकवा, करणी यातलं काही मानत नाही. इथे ग्रुपवर लोक किस्से लिहितात, की बरोबर बाराच्या ठोक्याला पांढऱ्या साडीतली बाई दिसली. माझा पहिला प्रश्न असतो, बारा वाजले हे कोणी पाहिलं? घड्याळ कोणाचं होतं? रेडिओशी मिळवलेलं होतं का? वेळ हा माझा धंदा होता, म्हणून मला असल्या गोष्टींची चीड येते. घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, मी बावीस वर्षं टाईमकीपर होतो. तेव्हा खाली ज्या वेळा लिहिल्या आहेत त्या बरोबर आहेत, एवढं धरून चाला. बाकीचं काय मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि हो, मुलीने मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय, एका बोटाने लिहितो. चुका होतील.

टाईमकीपर म्हणजे हजेरी घेणारा आणि भोंगा देणारा. गावात मला सगळे ‘मास्तर’च म्हणत. सकाळी आठ, दुपारी बारा, मग एक, आणि संध्याकाळी पाच, असे चार भोंगे. पूर्वी बटणाचा होता. पण आमच्याकडचं लोडशेडिंग असं, की लाईट कधी येईल ते ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येत नसे. शेवटी मालकांनी हाताने फिरवायचा एक जुना भोंगा कुठून तरी आणून गच्चीवर बसवला. लोखंडी खोकं, पुढे कर्णा, बाजूला हँडल. हँडल गरगर फिरवलं की आवाज चढत जायचा. आता माझा उजवा खांदा सायकलवरून पडल्यापासून दुखरा... अर्ध्यात मला हात बदलावा लागे. तेवढ्या वेळात आवाज खाली यायचा आणि डाव्या हाताने पुन्हा चढायचा. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या बाया हसायच्या, “मास्तरचा भोंगा मधातच दम खाते!” मी चिडायचो. चिडलो की त्या आणखी हसायच्या.

अख्ख्या गावाला तो आवाज पाठ होता. मला नव्हता. मी त्याच्या बुडाशी उभा, दोन्ही कानांत रुईचे बोळे घालून. लांबून तो कसा ऐकू येतो, हे बावीस वर्षांत मला कधी कळलंच नाही.

आता सरकी. सरकी म्हणजे आमची कुत्री. जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगावर जन्मली, म्हणून ते नाव. राखट रंगाची, एक कान पडलेला. पाचच्या भोंग्याआधी ती गच्चीचा जिना चढून माझ्या पायाशी येऊन बसायची. आवाज चढायला लागला की तोंड वर करून गळा काढायची... तीसुद्धा मध्येच दम खाऊन. फक्त भोंग्याला हं. रुग्णवाहिका गेली, वरातीचा बँड गेला, तरी ढिम्म. भोंगा झाला की मी तिला डब्यातली उरलेली पोळी द्यायचो, मग दोघं खाली उतरायचो.

मग कापसाचे ते दिवस आले. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात असायचं, त्यावर मी भाषण देत नाही. जिनिंगपुरतं सांगतो. जिथे बैलगाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत जायची, तिथे शेळ्या चरू लागल्या. एका दिवाळीनंतर मालकांनी फाटक उघडलंच नाही. यंत्रं भंगारात गेली, भोंगाही गेला. त्याचं हँडल तेवढं मी आदल्या दिवशी काढून पिशवीत घालून घरी आणलं होतं, कोणाला न विचारता. चोरी म्हणा हवं तर.

त्याच्या आदल्या वर्षी माझी बायको गेली होती. मुलगी पुण्याला. घरात मी आणि सरकी. मी रोज सकाळी आठच्या आत आंघोळ करून, शर्ट-पँट चढवून खुर्चीत बसायचो. कशासाठी ते विचारू नका. रस्त्याने जाणारा कोणी “किती वाजले, मास्तर?” विचारील म्हणून बसायचो असं वाटतं. कोणी विचारत नसे. सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले होते.

बरं, मुद्द्यावर येतो.

जिनिंगमध्ये आमची एक रीत होती. फाल्गुनात हंगाम उठला, रुईची शेवटची गठाण बांधून झाली, की पुढच्या रविवारी सगळ्यांनी डोंगरावर जायचं. घाटंजीपासून आठ-नऊ किलोमीटरवर आमच्या फिटरचा, गुलाब राठोडचा तांडा आहे, त्याच्या मागचा डोंगर. फार मोठा नाही, नाशिक-पुण्याकडचे लोक हसतील. पण वर सागाचं रान आहे, मोह आहे, आणि त्या दिवसांत पळस असा फुललेला असतो की चष्मा काढून पुसावा लागतो. वर जाऊन पानगे करायचे. पळसाच्या पानात थापलेली कणीक गोवऱ्यांच्या आरावर भाजायची, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. चाळीस-चाळीस माणसं असायची. कुत्रीही असायची, तांड्यातली सगळी.

जिनिंग बंद पडल्यावरच्या फाल्गुनात गुलाब घरी आला. म्हणाला, “मास्तर, रविवारी यायचं ना डोंगरावर?”

मी म्हटलं, “कायचा डोंगर? हंगामच नाही तर उठला काय?”

“हंगाम नाही तर नाही. डोंगर तर आहे ना जागेवर!”

गेलो. माझ्यासोबत बापू जोशी. पोस्टातून निवृत्त झालेला, माझा शाळेपासूनचा दोस्त, कशावरही विश्वास न ठेवणारा. मी निदान घड्याळावर ठेवतो, हा त्यावरही नाही. जिनिंगशी त्याचा काही संबंध नव्हता, फुकटच्या पानग्यांसाठी दरवर्षी यायचा. तर तीन माणसं आणि तीन कुत्री. सरकी आणि गुलाबची दोन तरणी कुत्री, वाघ्या अन् काळू.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तांड्यावरून निघालो. सागाची पानं सगळी झडलेली, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. सरकी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, म्हणजे म्हातारीच. कान तर जवळजवळ गेलेलेच. मागून हाक मारली तर वळायची नाही, पुढ्यात जाऊन हात हलवावा लागे. पण डोंगर चढताना माझ्या पुढे पुढे. बापू मला म्हणाला, “पाह्य, तुह्यापेक्षा तिचे गुडघे चांगले आहेत.”

वर पोचून गुलाबने आर केला, कणीक मळली. मळून झाल्यावर परातीकडे बघत बसला. मी विचारलं, “काय झालं बे?”

“काई नाही... अंदाज चुकला.” कणीक पंधरा-वीस माणसांची झाली होती. हाताला सवयच तेवढी, त्याचा काय दोष. पहिले पानगे तिन्ही कुत्र्यांना घातले, तांड्याची तशीच पद्धत आहे. मग आम्ही जेवलो. भाजी उत्तम झाली होती, पण मागच्या वर्षी याच दगडावर बसून शिव्या देत पत्ते खेळणारी माणसं कुठे कुठे पांगली, कोण सुरतेला, कोण नागपूरला बांधकामावर, हेच सारखं डोक्यात. माझा पानगा अर्धाच राहिला.

साडेबाराच्या सुमारास रानडुकराचा माग लागला म्हणून की काय, वाघ्या आणि काळू भुंकत उताराला सुटले. आणि सरकी त्यांच्या मागे! मी ओरडलो, “अगे ए, तू कायले चालली?” तिला काय ऐकू येणार. दोन्ही तरणी कुत्री अर्ध्या तासात जिभा लोंबवत परत आली. सरकी आली नाही.

एक वाजला, दोन वाजले. आम्ही तिघांनी तो सगळा उतार पालथा घातला. रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं एवढी दाट की काट्यांनी शर्टाच्या चिंध्या झाल्या. वाघ्याला तिचा वास देऊन सोडलं, तो तिकडे जाऊन गोल फिरून परत आला. तीनच्या सुमारास बापूला गरगरायला लागलं. ऊन रणरणतं, त्याला बीपी, गोळी घरी विसरलेला. चेहरा पांढराफटक.

गुलाब म्हणाला, “मास्तर, याले खाली न्या लागते. चला तिघंही.”

“मी नाही येत.”

“अजी, ते येईल आपोआप. जनावर हाय, रस्ता माहीत हाय त्याले.”

“बहिरी आहे ती गुलाब. पडली असेल कुठी.”

बापू तशा अवस्थेत माझ्यावर डाफरला, “मूर्खा, कुत्रीसाठी मरतं का इथं?” मी म्हटलं, “तू जा ना बाप्पा, तू मेला तर मले इथं दोन-दोन शोधा लागतीन.” शेवटी गुलाब म्हणाला, की बापूला तांड्यावर सोडतो आणि दोर घेऊन परत येतो, तोवर जागेवरून हलू नका. सव्वातीनला ते दोघे गेले. कुत्रीही गुलाबच्या मागे गेली.

मी एकटा उरलो.

खरं सांगतो, त्याआधी मी एकटा नव्हतो असं नाही. पण घरात एकटं असणं वेगळं. तिथे भिंती असतात, शेजारणीच्या भांड्यांचा आवाज येतो. डोंगरावर काहीच नव्हतं. वारा पडलेला. दर दहा मिनिटांनी मी उठून हाका मारायचो. “सरकीऽऽ” करून घसा बसला. बहिऱ्या कुत्रीला हाका मारतोय हे कळत होतं, पण दुसरं करणार काय? मग वाटायला लागलं की आपण हाका मारतोय कोणाला... बायकोची आठवण आली आणि मी चक्क रडलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दगडावर बसून, मोठ्याने. कुत्री सापडली नाही तर रिकाम्या घराचं कुलूप काढायचं, ह्या एका गोष्टीची मला भयंकर भीती वाटत होती. तेव्हा ठरवलं होतं की ती सापडल्याशिवाय मी खाली उतरणारच नाही. गुलाब आला तरी नाही. पुढे काय, याचा विचार केला नव्हता.

आणि मग भोंगा झाला.

पश्चिमेकडून. घाटंजीच्या बाजूने. आधी अगदी बारीक, मग चढत चढत भरून आला. मी पहिलं काय केलं असेल? मनगटावर पाहिलं. पाच. बरोबर पाच, सेकंदकाटा बारावर. आणि हसू नका, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की वेळेवर दिला हो! समाधान वाटलं मला. निदान तीन-चार सेकंद मी नुसता समाधानात उभा होतो.

मग आवाज मध्येच खाली आला. जरा थांबल्यासारखा झाला. आणि पुन्हा चढला.

हात बदलला होता! उजव्याचा डावा. जगात दुसरा कोणी तो भोंगा तसा फिरवत नव्हता, आणि मी तर इथे आठ-नऊ किलोमीटरवर, डोंगरावर, दोन्ही हात छातीशी धरून उभा होतो. किती छान ऐकू येत होता म्हणून सांगू. लांबून तो कर्कश नव्हताच. मी उगाच बावीस वर्षं बायांवर चिडत होतो.

आवाज उतरायला लागला आणि माझ्या डाव्या हाताला, खाली, रायमुनियाच्या जाळीतून सरकीने गळा काढला.

तोच गळा. मध्ये दम खाऊन पुन्हा. जिथून आम्ही दुपारी दोनदा गेलो होतो तिथूनच, फार तर पन्नास पावलांवर. मी धडपडत, घसरत तिकडे गेलो. जाळीच्या आत, कोणीतरी कधीकाळी खणायला घेऊन सोडून दिलेल्या विहिरीचा खड्डा होता. वरून झुडपांनी पार झाकलेला. दीड पुरुष खोल, कोरडा. तळाशी सरकी बसलेली, पुढचा एक पाय उचललेला, तोंड वर, डोळे मिटलेले. भोंगा संपून गेला तरी ती चालूच होती. मी वरून ओरडलो, तिला ऐकू गेलं नाही. खडा टाकला तेव्हा तिने वर पाहिलं आणि शेपटी हलवली.

गुलाब पाच वाजून पस्तीस मिनिटांनी दोर घेऊन पोचला. तो खाली उतरला, सरकीला धोतराच्या झोळीत घालून वर दिली. पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. मी पानगा तिच्या तोंडासमोर धरला, तिने हावरटासारखा खाल्ला. मग मी गुलाबला विचारलं, “भोंगा ऐकला?”

तो दोर गुंडाळत म्हणाला, “भोंगा नाही ऐकला जी. हिला ऐकलं. मी अर्ध्या चढावर होतो. मले वाटलं पाच वाजले. मंग ध्यानात आलं का... काहून वाटलं आपल्याले पाच वाजले?”

“मग?”

“मंग काय. सरकी दुसऱ्या कशाले असं रडत नाही मास्तर. जबाब ऐकला मी, हाक नाही ऐकली.”

आम्ही खाली उतरलो. सरकी माझ्या खांद्यावर, दुखऱ्या. तांड्यावर बापू बाजेवर पडून ताक पीत होता, रंग परत आलेला. त्याने काही ऐकलं नव्हतं. तांड्यात आणखी कोणीच ऐकलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर मी कपाट उघडलं. हँडल जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलं होतं, तसंच होतं, गंजासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या जागेवर जाऊन आलो. गच्चीच पाडलेली होती, भोंगा बसवायचा कुठे? गावात दोन-चार जणांना आडून विचारलं, काल पाचला काही आवाज? नाही. भंगारवाल्याकडेही गेलो. त्याने भोंगा केव्हाच तोडून गाडीत भरून पाठवला होता. त्याला वाटलं मला परत विकत घ्यायचाय, चहा पाजला बिचाऱ्याने.

बापूने सगळी स्पष्टीकरणं दिली, ती प्रामाणिकपणे लिहितो. एक, दुसऱ्या कुठल्या कारखान्याचा भोंगा. पण रविवार होता, आणि बाकी सगळीकडे बटणाचे, ते दम खात नाहीत. दोन, उन्हामुळे माझ्या डोक्यातच वाजला. हे मला पटतं. दिवसभर ऊन, पोटात फारसं काही नाही, त्यात रडलेलो. पण मग सरकी?

“तिच्याही डोक्यात वाजला असन,” बापू म्हणाला. “तुमच्या दोघाईचं डोकं एकच आहे.”

तीन, योगायोग. तिला त्याच वेळी गळा काढावासा वाटला. असेल. पण साडेबारापासून ती त्या खड्ड्यात होती. साडेचार तास हूं की चूं नाही, आणि पाचच्या ठोक्याला? शिवाय पन्नास पावलांवरची माझी हाक जिला ऐकू येत नव्हती, तिला इतक्या लांबचा, खड्ड्याच्या तळाशी, तो आवाज कसा गेला? बापू यावर नुसता हात उडवायचा. पुढे तो विषय काढला की पानाचा डबा शोधायला लागायचा.

सरकी त्यानंतर दीड वर्षं जगली. शांत गेली, पावसाळ्यात, ओसरीवर झोपेतच. पुन्हा कधी तिने गळा काढला नाही. बापूही आता नाही. गुलाब मुलाकडे सुरतेला असतो, फोनवर बोलतो, पण डोंगराचं काही काढत नाही आणि मीही काढत नाही. मी पुण्यात मुलीकडे राहतो. इथे सगळ्या दिशांनी भोंगे, हॉर्न, सायरन, कसला पत्ता लागत नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज नाही. आता शोधतही नाही.

परवा हे सगळं मुलीला पहिल्यांदा सांगितलं. तिने विचारलं, “बाबा, भीती नाही वाटली?” भुताखेतांवर विश्वास नसल्यामुळे भीतीचा प्रश्न नव्हता, असं तिला ठसक्यात सांगितलं. पण ते खरं नाही. खरं हे आहे, की सरकीला झोळीतून वर घेईपर्यंत मी सारखा घाटंजीच्या दिशेला बघत होतो. तिकडे कोणीतरी अजून कामावर आहे, एवढंच मनात येत होतं. वेळ झाली की उठतं, जिना चढतं, हँडल फिरवतं, खांदा दुखला की हात बदलतं. आणि मला त्याचा फार हेवा वाटला.